मधल्या इंजिनाच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा अल्टरनेटर बेल्ट: दिसत नाही तिथे हात घालताना

इंजिनाच्या जोरावर वीज बनवून बॅटरी भरतो तो अल्टरनेटर. त्याचा बेल्ट बदलणं हे एरवी अर्ध्या तासाचं काम. बॉनेट उघडायचं, तीन बोल्ट ढिले करायचे, जुना काढून नवा चढवायचा. इंजिन सीटच्या मागे आडवं बसवलेलं असलं की हेच काम अर्धा दिवस खातं. फियाट एक्स1/9 आणि टोयोटा एमआर2 (पहिली पिढी 1984 ते 1989, दुसरी 1989 ते 1999) या अशा मांडणीच्या ओळखीच्या गाड्या. पुलीची (बेल्ट ज्यावर फिरतो त्या चाकाची) बाजू आणि बॉडीची भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक हात शिरतो, आणि तो शिरला की पुढचं काहीच दिसत नाही. पुढचं वर्णन एमआर2 समोर ठेवून केलं आहे. पण बोल्टांचा क्रम, ताण आणि होणाऱ्या चुका अशा मांडणीच्या सगळ्याच जुन्या गाड्यांत सारख्या असतात.

एक गोष्ट आधीच पक्की करावी: बेल्ट कुठल्या कारणाने गेला? वयाने गेला असेल तर नवा घालून काम संपतं. वाकडी पुली, आवळत चाललेलं बेअरिंग किंवा वरून ठिबकणारं तेल हे कारण असेल, तर नवा बेल्टही काही आठवड्यांत त्याच वाटेने जाईल आणि मागचं चाक काढण्यापासून सगळं पुन्हा करावं लागेल. म्हणून निदान आधी, पाना नंतर.

आवाज काय सांगतो

बेल्टचे आवाज दोन. एक चिवचिव, ठेक्यात येणारी, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी. दुसरी लांब किंकाळी, बहुधा गाडी सुरू केल्या केल्या किंवा हेडलाइट लावल्यावर. चालू इंजिनावर, हात आणि कपडे लांब ठेवून, बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी फवारावं. चिवचिव काही क्षण थांबून परत आली तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाण्याने आवाज उलट वाढला तर ताण कमी आहे, बेल्ट घसरतो आहे.

किंकाळी सकाळीच का येते, याचं गणित सोपं आहे. स्टार्टरने बॅटरीतून बराच करंट ओढलेला असतो, तो भरून काढायला अल्टरनेटर पूर्ण जोर लावतो. 70 अँपियरचा अल्टरनेटर 14 व्होल्टला 980 वॅट देतो. जुन्या अल्टरनेटरची कार्यक्षमता 55 टक्क्यांच्या आसपास धरली, तर बेल्टला सुमारे पावणेदोन किलोवॅट ओढावे लागतात, आणि तेही सगळ्यात लहान पुलीवरून, जिथे बेल्टची पकड सगळ्यात कमी. पाच-दहा मिनिटांत बॅटरी भरत आली की भार उतरतो, आवाज बंद होतो आणि मालकाला वाटतं गाडी बरी झाली.

बेल्ट तुटल्यावर काय होतं, तेही इंजिनावर अवलंबून आहे. पहिल्या पिढीच्या एमआर2 मधल्या 4ए-जीई इंजिनात पाण्याचा पंपही याच बेल्टवर फिरतो. तिथे बॅटरीचा दिवा लागला की गाडी तिथल्या तिथे बंद करावी, नाहीतर इंजिन तापून हेडची गॅस्केट जाते. दुसऱ्या पिढीच्या 3एस इंजिनांत पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या वेगळ्या पट्ट्यावर) आहे, त्यामुळे बॅटरीत जीव आहे तोवर गाडी घरी येऊ शकते. गॅरेजात याला सवयीने ‘फॅन बेल्ट’ म्हणतात, पण या गाड्यांत रेडिएटर पुढे आणि त्याचा पंखा इलेक्ट्रिक. नाव ऐकून चुकीचा सुटा भाग आणू नये.

बेल्ट विकत घेताना

इंजिनाच्या नंबरावरून मागवावा, गाडीच्या नावावरून नाही. एकाच मॉडेलमध्ये एसी असलेली आणि नसलेली गाडी, किंवा दोन वेगळी इंजिनं, यांचे बेल्ट वेगळे असतात. कोड वाचायला सोपे आहेत. 4पीके855 म्हणजे चार रेघांचा (रेघा म्हणजे आतल्या बाजूचे लांबीभर उंचवटे; दोन शेजारच्या रेघांतलं अंतर 3.56 मिमी), 855 मिमी लांबीचा पट्टा. एव्हीएक्स10×900 म्हणजे आतून दाते पाडलेला व्ही-बेल्ट (पाचरीच्या आकाराचा पट्टा), वरची रुंदी 10 मिमी, बाहेरून मोजलेली लांबी 900 मिमी. हे नमुन्याचे आकडे आहेत, तुमच्या गाडीचे नव्हेत.

जुन्या गाडीत कुणीतरी कधीतरी दुसरा अल्टरनेटर बसवलेला असतो आणि त्याची पुली मूळ पुलीपेक्षा लहान-मोठी असते. मग पुस्तकातला नंबर लागू पडत नाही. जुन्या बेल्टवरचा कोड वाचावा. पुसला असेल तर अल्टरनेटर पूर्ण आत ढकलून पुल्यांभोवती न ताणणारी दोरी फिरवून लांबी घ्यावी आणि त्याच्या थोडा वरचा आकार निवडावा. व्ही-बेल्टची कोडमधली लांबी बाहेरची असते आणि दोरी पुलीच्या घळीत (खाचेत) आत बसते, हा फरक धरावा. नवा हातात आला की जुन्याशेजारी ठेवून रेघा मोजाव्यात. जुना थोडा लांब भरेल, ते ठीक आहे.

एसी कॉम्प्रेसरला वेगळा बेल्ट असेल आणि तो क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवर बाहेरच्या बाजूला असेल, तर आतला काढण्याआधी तो उतरवावाच लागतो. दोन्ही एकदमच बदला. बाहेरचा जुना तसाच परत चढवण्याची काटकसर महागात पडते.

हत्यारं

जॅक, दोन भक्कम स्टँड, पुढच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे. 10, 12 आणि 14 मिमीच्या गोट्या (सॉकेट) आणि रिंग पाने. जपानी गाड्यांत बहुतेक काम या तिघांवर होतं. 75 आणि 250 मिमीचे एक्स्टेन्शन, एक लवचिक सांधा, आखूड दांड्याचा रिंग पाना, टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा), मल्टिमीटर, डोक्याला बांधायचा दिवा. दांड्याचा छोटा आरसा हवाच. मोबाइलचा कॅमेराही चालतो, पण दोन्ही हात आत असताना तो धरायला तिसरा हात लागतो. क्रँकच्या बोल्टवर बसणारी गोटी आणि लांब रॅचेट. गंज सोडवणारं तेल मात्र आदल्या संध्याकाळीच मारायचं. ऐन वेळी मारलेलं तेल आट्यांत उतरत नाही.

वाट मोकळी करणं

इंजिन पूर्ण गार हवं. मधल्या इंजिनाच्या गाडीत एक्झॉस्ट कोपराच्या उंचीवर येतो आणि तासाभरानेही भाजतो.

पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. हा निव्वळ उपचार समजू नका. अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेत चावी बंद असतानाही बॅटरीचा पूर्ण करंट असतो. पाना तिथे आणि बॉडीला एकदम टेकला की ठिणग्या उडतात, पाना वितळून चिकटू शकतो, आणि शेजारीच पेट्रोलच्या नळ्या असतात. रेडिओला कोड असेल तर तो आधी टिपून ठेवावा.

गाडी सपाट जागी, गियर न्यूट्रलमध्ये, कारण पुढे इंजिन हाताने फिरवायचं आहे. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे. उजव्या मागच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग जॅकने उचलून स्टँड लावा, गाडी हलवून पाहा आणि मगच चाक काढा. पुढे घट्ट बोल्टावर अंगाचा जोर लावायचा आहे. तो नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीवर कधीही लावायचा नाही.

चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं कवच क्लिपांनी आणि थोड्या बोल्टांनी धरलेलं असतं. तीस वर्षांच्या क्लिपा निम्म्या तरी मोडणार हे धरून चाला, नव्या आणून ठेवा. कवच निघालं की क्रँकची पुली समोर येते. अल्टरनेटर आणि त्याची पट्टी वरून, इंजिनाच्या झाकणाखालून दिसतात. काम या दोन खिडक्यांतून आलटून-पालटून होतं: वरून एक बोल्ट, खालून दुसरा. जुना बेल्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो घ्या आणि तो कुठल्या पुलीवरून कसा गेला आहे ते कागदावर काढून ठेवा. इंजिन-माउंटचा (इंजिनाला बॉडीशी धरून ठेवणारा) हात बेल्टच्या वेढ्यातून गेलेला नाही ना, हेही याच वेळी आरशाने पाहावं. काही आडव्या इंजिनांत तो तसा असतो. मग खालून इंजिनाला लाकूड घालून आधार द्यावा लागतो आणि माउंट सोडावा लागतो, म्हणजे काम दुप्पट.

तीन बोल्ट

सगळी मेख इथे आहे. अल्टरनेटर एका बिजागरीच्या बोल्टवर झुलतो. दुसरीकडे खाच असलेली पट्टी असते आणि तिच्यात पट्टीचा बोल्ट. तिसरा ताणाचा लांब बोल्ट, जो अल्टरनेटरला बाहेर ढकलतो किंवा ओढतो. पट्टीचा आणि ताणाचा बोल्ट सहसा हाताशी असतात. बिजागरीचा बोल्ट मात्र लपलेला, खाली, तेलकट मळाखाली. म्हणून लोक तो सोडून देतात आणि उरलेल्या दोघांवर भागवू पाहतात.

तसं केलं की काय होतं? बिजागरी आवळलेली असताना ताणाचा बोल्ट फिरवला की अल्टरनेटर हलत नाही, फक्त वाकायला बघतो. ताणाच्या बोल्टाचे आटे जातात, तो मधोमध तुटतो किंवा अल्टरनेटरचा ॲल्युमिनियमचा कान तडकतो. तिन्हींपैकी काहीही झालं की बेल्टचं काम अल्टरनेटर उतरवण्याचं काम होतं.

तेव्हा क्रम असा. आधी बिजागरीचा बोल्ट अर्धा-एक फेरा ढिला करा, पूर्ण काढू नका. मागे नट असेल तर त्यावर दुसरा पाना धरावा लागतो; इथे आखूड रिंग पाना कामी येतो, तो शेजारच्या लोखंडाला टेकवला की हात मोकळा होतो. मग पट्टीचा बोल्ट ढिला करा. शेवटी ताणाचा बोल्ट मागे घ्या आणि अल्टरनेटर हाताने इंजिनाकडे ढकला. ढकलला जात नसेल तर जोर वाढवू नका, तेल मारून हळूहळू मागे-पुढे हलवत राहा. गॅसची ज्योत इथे नको: पेट्रोल, रबर आणि वायरिंग सगळं एका वितीत आहे.

बऱ्याच अल्टरनेटरच्या मागच्या कानात एक सरकणारी लोखंडी नळी असते. बोल्ट आवळला की ती सरकून ब्रॅकेटला घट्ट टेकते आणि कानावर ताण येत नाही. गंजून ती अडकली की बोल्ट आवळताना मधली फट कानालाच वाकून भरावी लागते, आणि कान तडकतो. नळी हलते का, हे आता पाहून घ्यायचं.

जुना बेल्ट उतरला की लगेच नवा चढवू नका

पुल्या मोकळ्या आहेत, अशी संधी परत लवकर येत नाही. अल्टरनेटरची पुली हाताने फिरवा. खरखर नको, आणि बाजूला हलवून ढिलाई नको. पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल तर त्याचंही तेच, आणि त्याच्या खालच्या छिद्राशी कूलंटचे वाळलेले डाग आहेत का तेही बघा. डाग असतील तर पंप आताच बदला. महिन्याभराने हेच सगळं पुन्हा उघडण्यात काही हशील नाही.

क्रँकची पुली बहुधा दोन भागांची असते: आत हब, बाहेर कडं, मध्ये रबर. रबर म्हातारं झालं की कडं हबवर सरकतं. दोन्हींवरून एक सरळ रंगाची रेघ ओढून ठेवा. काही दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर तीच तुमच्या बेल्टची मारेकरी, शिवाय टायमिंगची खूण त्याच कड्यावर असेल तर तीही चुकते आहे.

घळी ब्रश आणि ब्रेक क्लीनरने साफ करा. क्लीनर रबरावर नको आणि पूर्ण सुकू द्या. व्ही-बेल्ट घळीच्या दोन भिंतींवर धरतो, तळावर नाही. घळीचा तळ चकचकीत दिसत असेल तर बेल्ट तळाला टेकत होता: पुली झिजली आहे किंवा बेल्ट अरुंद लावला होता. रेघांच्या पट्ट्यात घळीत अडकलेला एखादा खडाही पुरतो चिवचिव करायला.

सरळ पट्टी दोन पुल्यांच्या तोंडांवर टेकवून रेषा तपासा. पुल्यांच्या कडांची जाडी वेगळी असू शकते, म्हणून घळीपासून मोजा. 250 मिमी अंतरात दीड मिमीहून जास्त फरक असेल तर रेघांच्या पट्ट्याला तो सोसत नाही. कारण बहुधा चुकीच्या बाजूला बसवलेला वॉशर.

उतरलेल्या बेल्टचंही शवविच्छेदन करावं. एका कडेचे धागे सुटले असतील तर पुल्या वाकड्या. बाजू आरशासारख्या चकाकत असतील तर तो घसरत होता. फुगून मऊ झाला असेल तर तेल. वर व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट किंवा क्रँकचं सील पाहा आणि ते आधी मिटवा. एक इशारा: जुन्या निओप्रीनच्या बेल्टला भेगा पडायच्या, हल्लीच्या ईपीडीएम रबराला सहसा पडत नाहीत. तो टायरसारखा झिजतो, भेगा नसल्या तरी संपलेला असू शकतो.

चढवणं

अल्टरनेटर पूर्ण आत ढकललेला ठेवा. बेल्ट खालून, क्रँकच्या पुलीवरून सुरू करा, मग पाण्याचा पंप किंवा एसी, आणि अल्टरनेटरची पुली शेवटी, वरून. बसत नसेल तर स्क्रूड्रायव्हरने कडेवरून चढवू नका. आतले धागे तुटतात, वरून काही दिसत नाही आणि बेल्ट महिन्याभरात लांबतो. ‘स्टार्टर मारून चढव’ हा सल्ला तर ऐकायचाच नाही, त्यात बोटं जातात. योग्य लांबीचा बेल्ट हाताने बसतो. बसत नसेल तर अल्टरनेटर पूर्ण आत गेलेला नाही किंवा बेल्ट चुकीचा आहे.

रेघांच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एक रेघ सरकून बसणं. डोळ्यांनी दिसत नाही, कारण चूक नेमकी आंधळ्या बाजूला होते. प्रत्येक पुलीवर दोन्ही कडांना बोट फिरवा. दोन्हीकडे सारखीच कड लागली पाहिजे. एकीकडे रिकामी घळ आणि दुसरीकडे लोंबती रेघ लागली तर परत काढून बसवा. असा बेल्ट चालू केलात तर काही मिनिटांत कडेने उसवायला लागतो. थोडा ताण देऊन क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, नेहमीच्याच दिशेने (या टोयोटा इंजिनांत पुलीकडून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे), आणि मग पुन्हा बोट फिरवा.

ताण

आपल्याकडे बेल्ट जास्तच ओढून ठेवण्याची खोड आहे. ढिला बेल्ट ओरडून सांगतो, जास्त ओढलेला मुकाट्याने अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेअरिंग खातो. दुसरा जास्त महाग.

पुस्तकात ताण असा दिलेला असतो: दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागाच्या मध्यावर 98 न्यूटन, म्हणजे सुमारे 10 किलोचा जोर दिला तर बेल्ट इतके मिमी दबावा. तिथे ‘नवा’ आणि ‘वापरलेला’ असे दोन आकडे असतात. टोयोटाच्या हिशेबाने चालू इंजिनावर पाच मिनिटं फिरलेला बेल्ट वापरलेला. नव्याचा आकडा घट्ट असतो, कारण पहिल्या काही मिनिटांत तो घळीत बसून सैल होतोच. आकडा हाताशी नसेल तर लांब भाग दोन बोटांत धरून पिळून पाहा: मध्यम जोराने साधारण 90 अंश फिरला तर जवळपास बरोबर. सहज त्याहून जास्त फिरला तर ढिला, 45 वरच अडला तर फार घट्ट. हा तात्पुरता अंदाज आहे, मोजमाप नव्हे.

ताणाच्या बोल्टाला आट्यांवर थोडं ग्रीस लावून हळूहळू फिरवा. ताण आला की आधी पट्टीचा बोल्ट आवळा, मग बिजागरीचा, आणि मग ताण पुन्हा मोजा. बिजागरी आवळताना अल्टरनेटर किंचित झुकतो आणि आकडा बदलतो. ही फेरतपासणी हमखास राहून जाते. ताणाचा बोल्ट नसलेल्या गाडीत अल्टरनेटर लाकडी दांड्याने रेटावा लागतो. दांडा पुलीच्या बाजूच्या जाड ओतीव भागावरच टेकवा. मधल्या पत्र्यांच्या थरावर किंवा मागच्या झाकणावर नको, तिथे आत डायोड आहेत.

टॉर्कचा आकडा तुमच्या पुस्तकातला घ्या. तो नसेल तर 8.8 दर्जाच्या (डोक्यावर 8.8 कोरलेल्या) एम8 म्हणजे 8 मिमी जाडीच्या बोल्टाला साधारण 25 आणि एम10 ला 45 न्यूटन-मीटर. ॲल्युमिनियमच्या आट्यांत त्याहून कमी.

सुरू करताना

आत राहिलेला पाना, गोटी, चिंधी शोधून काढा. बॅटरीची तार जोडा. कवच आणि चाक अजून नको. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, पुलीच्या रेषेत कुणी उभं नको. चावी फिरवल्यावर बॅटरीचा दिवा लागतो का, ते आधी पाहा. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच दिव्यातून मिळतो. बल्ब गेलेला असेल तर नवा बेल्ट घालूनही चार्जिंग होत नाही आणि दोष बेल्टला जातो.

इंजिन सुरू झाल्यावर दिवा विझला पाहिजे. मिनिटाला सुमारे 1500 फेऱ्यांवर बॅटरीच्या टोकांवर 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा मोजा. थोडा उतार चालेल, 13 च्या खाली गेलं तर बेल्ट घसरतोय किंवा अल्टरनेटरच थकलाय. बेल्टला घसरू नये म्हणून फवारायचे स्प्रे मिळतात, ते लावू नका. त्यांनी आवाज दबतो, धूळ चिकटते आणि खरं कारण झाकलं जातं.

पाच मिनिटं चालवून बंद करा, इंजिन गार होऊ द्या आणि ‘वापरलेला’ या आकड्याने ताण पुन्हा लावा. मग कवच, चाक; नट आधी हाताने, गाडी खाली आल्यावर टॉर्क पान्याने. एमआर2 ला 103 न्यूटन-मीटर. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर ताण आणि चाकाचे नट दोन्ही एकदा पाहावेत. या खेपेला बिजागरीचा बोल्ट साफ झालेला असल्यामुळे तो मुकाट्याने सुटतो. उतरवलेला बेल्ट वयामुळेच काढला असेल आणि धड असेल, तर तो 12 आणि 14 च्या पान्यांसकट डिकीत टाकून ठेवायला हरकत नाही.